मधल्या तीन तासांतला हेल्पर : पुण्यातल्या एका स्कूल बस गॅरेजचं प्रकरण

हडपसरच्या पुढे मंतरवाडीच्या बाजूला एका ठेकेदाराचं स्कूल बसचं यार्ड आहे. तीसेक गाड्या, निम्म्या मोठ्या, बाकीच्या मिनीबस. उंड्री, पिसोळी, कोंढवा, एनआयबीएम रस्ता आणि मगरपट्टा इथल्या मुलांची ने-आण चालते. यार्डातच पत्र्याच्या शेडखाली गॅरेज आहे. तिथे एक पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा), एक कॉम्प्रेसर, सुट्या भागांची एक कुलूपबंद खोली आणि भिंतीवर एक पांढरा बोर्ड. मुख्य मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. त्यांच्या हाताखाली दोन फिटर होते. २०२४च्या उन्हाळ्यात त्यातला एक एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि परत आला नाही. नेमका तो सीझन असा असतो की गॅरेजला श्वास घ्यायला फुरसत नसते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत प्रत्येक गाडी तपासून घ्यायची, ज्यांचं फिटनेस प्रमाणपत्र संपत आलंय त्या दिवे गावातल्या आरटीओच्या ट्रॅकवर ब्रेक टेस्टला न्यायच्या. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दर दोन वर्षांनी करावं लागतं, त्यापुढच्या गाडीचं दरवर्षी. इथल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या गटातल्या होत्या.

जून कसाबसा निभावला. जुलैत पावसानं वायपर, हेडलाइट आणि ब्रेकच्या तक्रारींची रांग लावली. नवा फिटर मिळेना. जे येत होते ते बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकांच्या) गाडीचं बॉनेट उघडून सेन्सरच्या वायरींकडे बघत उभे राहत होते, आणि ज्यांना काम येत होतं ते मागत असलेला पगार ठेकेदार शेठना परवडत नव्हता.

त्याच यार्डात रोज सकाळी सव्वानऊ ते सव्वाबारा वीस-पंचवीस ड्रायव्हर बसलेले असायचे. कोणी गाडीतल्या मागच्या लांब सीटवर आडवा, कोणी मोबाइलवर, एक टोळकं पत्ते कुटत. पगार महिन्याचा, म्हणजे हे तीन तासही शेठच्या हिशोबात विकत घेतलेलेच. शेठच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं: यातल्या चार-पाच जणांना गॅरेजमध्ये घेतलं तर?

त्यांना विरोध करणारा एकच माणूस निघाला. एसटीतून निवृत्त होऊन इथे लागलेले एक जुने चालक, सगळ्यांचे तात्या. त्यांचं म्हणणं असं की एसटीत चालकानं गाडीतला दोष लॉगशीटवर लिहायचा आणि डेपोच्या कारागिरानं तो काढायचा. चालक पाना उचलत नाही. शेठनी ते एसटीवाल्याची ऐट म्हणून सोडून दिलं. माझ्या मते त्यात ऐटीपेक्षा बरंच काही होतं, पण ते नंतर.

योजना ऑगस्टमध्ये सुरू झाली. रोज चार ड्रायव्हर, पाळीनं, साडेनऊ ते बारा. तोंडी ठरलं, कागद केला नाही. जादा पैसे किती, हेही "बघू, दिवाळीला करू काहीतरी" इतकंच.

पहिले काही आठवडे योजना उत्तम चालली आणि हे नीट सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीमुळे लोक ते विसरतात. धुणं, ग्रीसिंग, एअर फिल्टर झटकणं, चाकांची हवा, एअर टँकचं पाणी सोडणं ही कामं वस्तादांच्या अंगावरून उतरली. खरा फायदा मात्र अनपेक्षित जागी झाला. आधी ड्रायव्हर तक्रारवहीत लिहायचे: "ब्रेक कमी लागतो", "गाडी ओढते", "आवाज येतो". या तीन वाक्यांवर मेकॅनिकनं काय करायचं? पिटमध्ये उतरून ब्रेकचा ड्रम उघडलेला, त्यातला झिजणारा लायनर किती उरलाय ते डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच माणसांची वही बदलली. "ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जाते, उतारावर जास्त, सकाळी पहिल्या दोन थांब्यांपर्यंतच." असं लिहिलं की वस्तादांचा अर्धा तास वाचतो. शिवाय ड्रायव्हर गाडी वेगळी चालवू लागले. उंड्रीहून खाली येताना ब्रेकवर पाय ठेवून न येता खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा सल्ला वस्ताद वर्षानुवर्षं देत होते. जळून काच झालेला लायनर हातात धरल्यावर तो सल्ला पटला.

गाडीत मुलांसोबत असणाऱ्या मदतनीस ताईंना मात्र या योजनेत कोणी विचारलंच नाही. आपत्कालीन दरवाजाची मूठ कुठल्या गाडीत जड लागते, कुठल्या पायरीची रबर सुटलीय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याकडून यादी मागायला ऑक्टोबर उजाडला.

सप्टेंबरपासून कामाची हद्द सरकू लागली. कोणी ठरवून सरकवली नाही. वस्ताद एका गाडीत अडकलेले, फिटर दुसऱ्या. शेजारी उभा असलेला ड्रायव्हर वीस वर्षं जड गाड्या चालवलेला, ट्रकवर असताना रस्त्यात स्वतः टायर बदललेला. त्याला "जरा चाक काढून ठेव" म्हणणं अगदी सहज होतं. मग चाक बसवणंही आलं. मग एकानं स्वतःच्याच गाडीचे, ब्रेक किती घट्ट लागावा ते ठरवणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर आवळले, कारण त्याला ब्रेक "वर" हवा होता. त्यानं ते जरा जास्तच आवळले आणि एका बाजूचा ड्रम यार्डात परत येईपर्यंत हात लावता येणार नाही इतका तापला. वस्तादांनी शिव्या घातल्या, अ‍ॅडजस्टर सैल केले, विषय संपला. तो तिथे संपायला नको होता.

मुख्य घटना ऑक्टोबरची. एका मोठ्या गाडीची मागची डावी जोडचाकं काढली होती. आतल्या टायरची झीज जास्त, म्हणून अदलाबदल. फिटर आणि एक ड्रायव्हर-हेल्पर मिळून काम करत होते. चाकं चढली, नट हातानं लागले, पान्यानं जुजबी आवळले. गाडी अजून जॅकवर होती. जोडचाकाचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर टेकवून, समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं. आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासायचे. हे फिटरला पक्कं माहीत होतं. पण तेवढ्यात दुसऱ्या टोकाला एका मिनीबसचा सेल्फ (स्टार्टर) लागेना म्हणून त्याला बोलावलं. घड्याळात बारा वाजत आले होते. हेल्पर ड्रायव्हरला हात धुवून, खाकी शर्ट बदलून सव्वाबाराला स्वतःची गाडी काढायची होती. जाता जाता त्यानं बोर्डावर त्या गाडीपुढे लिहिलं: "टायर झालं."

त्याच्या दृष्टीनं झालंच होतं. चाक बसलं होतं.

साडेबाराला एका मार्गावरची गाडी बंद पडली. सुपरवायझरनं बोर्ड पाहिला, "टायर झालं" असलेली गाडी बदली म्हणून पाठवली. जॅक कोणी उतरवला हे चौकशीत नीट कळलं नाही. बहुधा मिनीबसचा सेल्फ लावायला आलेल्यांपैकीच कोणी, जागा हवी म्हणून. मुलं भरून गाडी निघाली. उंड्रीच्या अलीकडे, हळू वेगात, ड्रायव्हरला मागून टक-टक ऐकू आली. वेग वाढवला की आवाज विरतो, कमी केला की परत येतो. त्यानं गाडी बाजूला घेतली, ताईंना मुलांपाशी ठेवून खाली उतरला आणि नटांना हात लावला. दोन तर बोटांनी फिरत होते. दुसरी गाडी आली, मुलं तिच्यात बसवली. कुणाला काही झालं नाही.

हा ड्रायव्हर आदल्याच आठवड्यात गॅरेजच्या पाळीत होता. तो आवाज नटांचाच असणार, हे त्याला तिथेच कळलं होतं. म्हणजे ज्या योजनेनं ही गाडी रस्त्यावर आणली तिनंच ती थांबवली. पुढच्या वादात दोन्ही पक्षांनी यातला आपापला अर्धा भाग उचलून धरला.

मला या टप्प्यावर बोलावलं. शेठना योजना बंद करायची होती, वस्तादांनाही. सुपरवायझरनं एक वाक्य तयार ठेवलं होतं: "अनाडी माणसाच्या हातात पाना दिल्यावर दुसरं काय होणार?" हे निदान मला चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं. तो ड्रायव्हर अनाडी नव्हता. त्याला नट आवळता येत होते, आणि फिटर पाच मिनिटं आणखी थांबला असता तर ते आवळले गेलेही असते. चूक हातातल्या कौशल्याची नव्हतीच. ती घड्याळातून आली होती.

गॅरेजचं काम बाराच्या ठोक्याला संपत नाही. बोल्ट गंजलेला निघतो, सुटा भाग नाना पेठेतून यायचा असतो, एक काम करताना दुसरं दिसतं. मेकॅनिकचा दिवस कामाच्या लांबीप्रमाणे ताणतो. ड्रायव्हरचा दिवस ताणता येत नाही. शाळा सुटते तेव्हा सुटते. तेव्हा ड्रायव्हर-हेल्पर ज्या क्षणी जातो त्या क्षणी त्याच्या हातातलं काम ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत राहतं, आणि ते कुठवर आलंय हे फक्त त्याच्याच डोक्यात असतं. तोवर तो गाडी घेऊन कोंढव्यात पोचलेला असतो. एसटीच्या तात्यांचा नियम याच जागेवर पाय रोवून उभा होता, त्यांनी तो या शब्दांत सांगितला नसला तरी.

यावरून कामांची विभागणी वेगळ्याच रेषेनं करता आली. आधी शेठ "सोपी" आणि "अवघड" अशी वाटणी करत होते. चाक बसवणं सोपं, म्हणून ते ड्रायव्हरकडे. आम्ही प्रश्न बदलला: हे काम कुठल्याही क्षणी अर्धवट सोडून गेलं तर गाडीला धोका आहे का? धुणं अर्धवट राहिलं तर गाडी अर्धी मळकी राहते. ग्रीसिंग अर्धवट राहिलं तर उरलेले निपल उद्या. हवा, टायरच्या खाचांची खोली मोजणं (कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर), बल्ब, वायपर, आरसे, अग्निशामकाचा काटा, प्रथमोपचार पेटीतल्या तारखा, सीटचे बोल्ट तपासून यादी करणं, यातलं काहीही मध्येच टाकून जाता येतं. चाक, ब्रेक, स्टिअरिंग, कमानपाटे आणि डिझेल लाइन यांचं काम मात्र टाकता येत नाही. ते कितीही सोपं असो, ड्रायव्हरनं त्यात टॉर्च धरायची, जॅकचा दांडा मारायचा, पाना हातात द्यायचा, काम फिटरचं.

एक अपवाद वस्तादांनी स्वतः सुचवला आणि तो या यादीतला सर्वांत चांगला ठरला. आवाज शोधायला ड्रायव्हरला बरोबर घ्यायचं. गाडी तोच चालवणार, वस्ताद शेजारी बसणार, आणि कुठल्या वळणावर, कुठल्या वेगाला, किती मुलांचा भार असताना आवाज येतो ते ड्रायव्हर घडवून दाखवणार. हे काम कुठल्याही फिटरपेक्षा तो चांगलं करतो.

बोर्डावरचं "झालं" बंद झालं. चाक, ब्रेक किंवा स्टिअरिंगला हात लागला की स्टिअरिंगला लाल पाटी, आणि गाडीची किल्ली फिटरच्या खिशात. पाटी काढायची ती ज्यानं काम पूर्ण केलं त्या फिटरनं, वहीत सही करून. बदली गाडी हवी असेल तर सुपरवायझरनं बोर्डाकडे न बघता किल्लीच्या खिळ्याकडे बघायचं. किल्ली खिळ्यावर नाही म्हणजे गाडी नाही. सुपरवायझरला हे आवडलं नाही. पहिल्या पंधरवड्यात त्यानं दोनदा दुसरी किल्ली मागितली. शेठनी दुसऱ्या किल्ल्या घरी नेऊन ठेवल्या.

इथपर्यंत सगळ्यांचं पटलं. पुढचा भाग कुणालाच बोलायचा नव्हता, तो म्हणजे ते तीन तास खरोखर रिकामे होते का.

या ड्रायव्हरांचा दिवस बघा. पहाटे साडेचारला उठणं, सव्वापाचला यार्डात. सहाच्या आसपास मोठ्या मुलांची फेरी. फेब्रुवारी २०२४मध्ये शालेय शिक्षण विभागानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. ज्या शाळांनी ते पाळलं तिथे लहान मुलांची फेरी वेगळी झाली. पूर्वी साडेसातला मोकळा होणारा माणूस आता सव्वानऊला मोकळा होतो. दुपारी पुन्हा दोन फेऱ्या, गाडी लावेपर्यंत साडेचार. मोकळा वेळ पावणेपाच तासांवरून तीनवर आला होता, आणि शेठनी योजना आखली ती नेमकी त्याच वर्षी.

पत्ते कुटणारे दिसत होते. मागच्या सीटवर झोपलेले शेठना आळशी वाटत होते. पहाटे साडेचारला उठलेल्या माणसाची ती झोप दुपारच्या फेरीची तयारी होती. दुपारी दोन ते चार या वेळात शरीर तसंही पेंगतं, आणि नेमकी त्याच वेळी पहिली-दुसरीची मुलं गाडीत असतात. दोन ड्रायव्हरांनी मला खासगीत सांगितलं की पाळीच्या दिवशी शेवटच्या फेरीत त्यांना तोंडावर पाणी मारावं लागायचं. हे त्यांनी शेठना सांगितलं नव्हतं. कोण सांगेल?

कायद्याचा हिशोबही तिथेच अडत होता. त्या वेळी मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ लागू होता (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली). दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत. जादा कामाला दुप्पट दर. चार फेऱ्या, रिकाम्या गाडीचं अंतर, सकाळची तपासणी धरून ड्रायव्हरचे साडेसहा तास भरतातच. त्यात गॅरेजचे अडीच मिळवले की नऊ. आणि सव्वापाचपासून बारापर्यंत धड विश्रांती नाही. "दिवाळीला बघू" हे या हिशोबात कुठेच बसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट शेठच्या लक्षात आली नव्हती. फिटरचं बोट कापलं तर एका गाडीचं काम दोन दिवस लांबतं. ड्रायव्हरचं बोट कापलं तर दुपारी एका मार्गावर गाडीच जात नाही. मोटार विम्यात ड्रायव्हरसाठी भरलेला हप्ता गाडीच्या वापराशी बांधलेला असतो. पिटमध्ये पाय घसरला तर त्यावर विसंबता येत नाही. ज्यांची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) होती त्यांचं ठीक, पण दोघा-तिघांची नोंदणीच झालेली नव्हती. ती आधी करून घेतली. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० असुरक्षित गाडी चालवणाऱ्यालाही धरतं आणि चालवू देणाऱ्यालाही, हे सांगितल्यावर शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत.

(एका पालकांची तक्रारही फायलीत होती: काकांच्या हाताला काळं लागलेलं असतं आणि ते मुलीची बॅग उचलतात. हसण्यावारी नेली होती. मला ती रास्त वाटली. हात धुवायला डिटर्जंट पावडरशिवाय काहीच नव्हतं.)

शेवटी ठरलं ते असं. रोज चारऐवजी दोन ड्रायव्हर, स्वेच्छेनं, लागोपाठ दोन दिवस नाही. वेळ साडेनऊ ते अकरा, त्यानंतर सव्वाबारापर्यंत कुणी हाक मारायची नाही. तासांची नोंद हजेरीपटावर, आठ तासांच्या वरचं दुप्पट दरानं, पगाराबरोबर. शेठनी आकडेमोड केली आणि म्हणाले, "यात तर अर्धा हेल्पर येतो." बरोबर होतं. म्हणून दुसरा प्रश्न विचारला: अप्रेंटिस का घेत नाही? ड्रायव्हर, ताई, गॅरेज, ऑफिस मिळून माणसं सत्तरच्या आसपास. तीस किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला अप्रेंटिस कायद्यानं अडीच ते पंधरा टक्के प्रशिक्षणार्थी घ्यावेच लागतात. म्हणजे यांनी निदान दोघे आधीपासूनच घ्यायला हवे होते. विद्यावेतनातला २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपयांचा वाटा केंद्राच्या योजनेतून मिळतो. मेकॅनिक मोटर व्हेइकलचा आयटीआय झालेला मुलगा बाराला पळून जात नाही, आणि बीएस-६ची वायरिंग पाहून बावचळतही नाही. जानेवारीत दोघे आले. त्यातल्या एकाला वस्तादांनी आठवडाभरात पिटमधून बाहेर येऊ दिलं नाही, यावरून तो पसंत पडला असं समजायचं.

ड्रायव्हरांच्या हातांचा खरा उपयोग मग उन्हाळ्यात झाला. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत फेऱ्या नाहीत, बाराचं घड्याळ नाही, आणि गॅरेजला सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच लागतात. बहुतेक ठेकेदारांकडे या दिवसांत ड्रायव्हरचा पगार अर्धा होतो किंवा थांबतो. बरेच जण गावी जातात, काही लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या मारतात. २०२५च्या उन्हाळ्यात सहा जण पूर्ण पगारावर गॅरेजला थांबले. एका गाडीवर एक फिटर आणि दोन ड्रायव्हर, सकाळी सुरू केलेलं काम संध्याकाळी त्याच तिघांनी संपवायचं. तेव्हा चाकंही काढली, ड्रमही उघडले. सही मात्र फिटरचीच. स्वतःच्या गाडीवर कुणाला लावायचं नाही, असं वस्तादांचं मत पडलं, कारण माणूस स्वतःच्या गाडीचे लाड करतो. तात्या या सहांत नव्हते. ते गावी गेले.

एक वाद अजून मिटता मिटत नाही. फेरीआधी हवा, लाइट, ब्रेक आणि दरवाजा बघणं हे ड्रायव्हरचं कर्तव्यच आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण तीच हवा साडेनऊला गॅरेजच्या पाळीत पाहिली तर पैसे आहेत. काही जण सकाळची तपासणी साडेनऊवर ढकलू लागले. सध्या नियम असा आहे की स्वतःच्या गाडीची, निघण्यापूर्वीची तपासणी पगारात. दुसऱ्याच्या गाडीची, वहीतल्या यादीनुसार केलेली तासावर. सुपरवायझर पहाटे साडेपाचला गेटवर उभं राहून सहीची वही बघतो. ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशीच्या सह्या सगळ्या एकाच पेननं केलेल्या असतात.